सदर व्यक्ती मीच

दिवसातून चाळीस वेळा तरी मी लिहितो: मी.
मी, खाली सही करणार.
मी, वय वर्षे बासष्ट, धंदा मजुरी, राहणार पारडी.
मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की.
करते की.
त्यातला एकही मी, मी नसतो.

नागपूरच्या जिल्हा कोर्टाबाहेर, कडुनिंबाखाली,
टिनाच्या शेडमध्ये आम्ही अकरा जण.
बाकीच्यांनी कॉम्प्युटर घेतले.
लाईट गेली की लोक माझ्याकडे वळतात,
आणि उन्हाळ्यात लाईट जातेच.

माझ्या मशीनचा म उडतो.
ओळीच्या जरासा वर,
जणू बाकावरून कुणी अर्धवट उठलंय
आपलं नाव पुकारलं असं वाटून.
इतवारीतल्या पराते मिस्त्रींनी दोनदा बसवला.
तिसऱ्यांदा म्हणाले, राहू द्या जी,
याला बसायचंच नाही.
पुढे मिस्त्री गेले. म तसाच राहिला.

मे महिन्यात, भर बारा वाजता, एक बाई आली.
पॉलिथिनच्या पिशवीत जन्मभराचे कागद.
रेशन कार्डावर चंद्रभागा. बँकेत चंद्रकला.
मतदार यादीत नुसतीच भागाबाई,
पुढे नवऱ्याचं नाव, तेही चुकलेलं.
बिडी कारखान्याच्या पासबुकात चंदा.
यातलं खरं कोणतं, मी सवयीनं विचारलं.
"हाक मारनारे सारे मेले जी," ती म्हणाली,
"आता तूच सांग."

बँकेत अंगठा जुळत नाही का?
तिनं दोन्ही हात पुढे केले.
पन्नास वर्षं तेंदूचं पान वळून
बोटं गुळगुळीत, कन्हानच्या गोट्यांसारखी.
यंत्र म्हणतं, अशी व्यक्ती आढळत नाही.

मी कागद चढवला, कार्बन लावला.
वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची असून
सदर व्यक्ती मीच आहे.
हे वाक्य माझ्या बोटांना पाठ आहे, मला विचारावंही लागत नाही.
त्या दिवशी मात्र 'एकाच'पाशी हात थांबला.
माहेरची भागी,
हजारामागे दीडशे बिड्या छाटीत जाताना पाहणारी चंदा,
आणि ही समोर पदरानं वारा घेणारी,
या एकच, असं मी कशाच्या जोरावर लिहितो?
मी तर काल रात्री घरी ताट सरकवणाऱ्या माणसालाही
माझ्यात धरत नाही.

वाचून दाखवलं. तिनं कागद घेतला, उलटा.
मग सुलटा केला. वाचता येत नव्हतंच.
बोट फिरत फिरत एका जागी थांबलं.
"हा पाहा, उडी मारते."
पिशवीतून आणखी एक कागद निघाला,
घड्यांवर फाटलेला, नवरा गेला तेव्हाचा,
सत्त्याण्णव सालचा.
त्यातही म उडालेला.
"सकाळपासून साऱ्याईचे कागद पाहिले मी.
कोनाचंच अक्षर उडत नाही.
म्हनलं, मेला असन तो मानूस."

माझं नाव कुठल्याच प्रतिज्ञापत्रावर नसतं.
सही त्यांची, शिक्का नोटरीचा,
आणि तळाशी वकील: सदर व्यक्तीस मी ओळखतो.
त्यानं मान वर केलेली नसते.

मी विचारलं, तेव्हा मी काही बोललो होतो का?
"नाही. पानी देल्लं होतं.
आन् पैसे पुरे घेतले."

साठ रुपये होत होते.
मी आधी माठातून पेला भरून आणला.
ती प्यायली, उरलेलं मानेवर लावलं.
मग मी साठ रुपये घेतले, पुरे,
सुट्टे होते तरी एकही परत केला नाही.
तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.
"तोच होय तू," म्हणाली.